साखर तीच, प्रोटीनही जवळपास तेच. मग लशीचा गुण वेगळा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यूमोनिया आणि मेंदूज्वर घडवणाऱ्या न्यूमोकोकस या जंतूच्या दोन काँज्युगेट लशी, म्हणजे जंतूच्या आवरणाची (कॅप्सूलची) साखर प्रोटीनला जोडून केलेल्या लशी, आहेत. दोन्हींत १९एफ या सिरोटाइपची, म्हणजे जंतूच्या उपप्रकाराची, साखर आहे आणि दोन्ही टोचल्यावर बाळांच्या रक्तात अँटीबॉडी दिसतात. तरी एकीच्या अँटीबॉडी जंतू मारायला सरस आणि दुसरीच्या त्या मानाने मंद, असं का? शिवाय पुढे तुम्हाला क्लेब्सिएला या दुसऱ्या जंतूच्या के१ साखरेवर काम करायचं आहे, तर ती जोडणीसाठी तयार करायला परआयोडेट हे रसायन वापरावं की सीडॅप? "साखर प्रोटीनला जोडली की टी-पेशींची मदत मिळते, एवढंच एम.एस्सी.ला शिकवलं," असंही तुम्ही लिहिलंय.

शिकवलं ते खरं आहे, पण ते अर्ध्यावर थांबतं. साखर जोडायची तर तिच्यावर काहीतरी रासायनिक क्रिया करावीच लागते, आणि जिथे ती क्रिया होते तो भाग जंतूच्या अंगावर असतो तसा राहत नाही. जोडणीची किंमत साखरच भरते. ती किंमत साखरेच्या कुठल्या गटातून वसूल केली, यावर पुढचं बरंच काही ठरतं. मी काँज्युगेशनच्या प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. "सगळ्यात चांगली केमिस्ट्री कोणती?" असं कुणी विचारलं, की "साखर कोणती ते आधी सांगा" हेच मी अजूनही म्हणतो.

आधी नुसत्या साखरेबद्दल, पटकन. कॅप्सूलची पॉलिसॅकराइड म्हणजे तोच तो तुकडा शेकडो वेळा जोडलेली साखळी. ती बी-पेशीवरचे बरेच रिसेप्टर एकाच वेळी पकडते आणि टी-पेशीला न विचारता बी-पेशीला कामाला लावते. अँटीबॉडी तयार होतात, पण जर्मिनल सेंटर, म्हणजे बी-पेशी आपल्या अँटीबॉडी सुधारतात ती जागा, नीट उभं राहत नाही. त्यामुळे अँटीबॉडीची धार वाढत नाही आणि स्मृती राहत नाही. काही साखरांच्या बाबतीत दुसरा डोस पहिल्यापेक्षाही कमी प्रतिसाद देतो, कारण होत्या त्या बी-पेशी पहिल्या डोसातच खर्ची पडलेल्या असतात. लहान बाळांत तर प्लीहेचा मार्जिनल झोन, म्हणजे नुसत्या साखरेला उत्तर देणाऱ्या बी-पेशींचा भागच, कच्चा असतो. १९७४ च्या फिनलंडमधल्या चाचणीत हिब म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएन्झी टाइप बीची नुसती साखर दीड वर्षाखालच्या मुलांना वाचवू शकली नाही, आणि हिबचा मेंदूज्वर होतो तो मुख्यतः त्याच वयात. तरीही १९८५ मध्ये अमेरिकेत ती लस थोड्या मोठ्या मुलांसाठी परवाना घेऊन आली, कारण तेव्हा हातात दुसरं काही नव्हतं.

जोडण्याची कल्पना मात्र त्याहून खूप जुनी. एव्हरी आणि गोबेल यांनी १९३१ मध्ये न्यूमोकोकस टाइप ३ ची साखर घोड्याच्या सीरममधल्या ग्लोब्युलिनला बांधून सशांना दिली आणि सशांत त्या साखरेविरुद्ध अँटीबॉडी उठल्या. मग जवळजवळ अर्धं शतक ते प्रकरण फारसं कुणी लशीसाठी उचललं नाही. १९८० मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेमध्ये रेचल श्नीरसन आणि जॉन रॉबिन्स यांनी हिबच्या साखरेचा काँज्युगेट केला. तिकडे रॉचेस्टरमध्ये पोर्टर अँडरसन आणि डेव्हिड स्मिथ वेगळ्या केमिस्ट्रीने त्याच दिशेने निघाले होते. एकाच साखरेसाठी दोन वेगळ्या रासायनिक वाटा, असं चित्र सुरुवातीपासूनच होतं.

काँज्युगेट काम कसा करतो? बी-पेशी साखर ओळखते, सगळा गोळा आत ओढते, प्रोटीनचे तुकडे करते आणि ते तुकडे (पेप्टाइड) आपल्या पृष्ठभागावरच्या एमएचसी-२ या रेणूवर ठेवून टी-पेशीला दाखवते. म्हणजे ओळख साखरेची आणि मदत प्रोटीनच्या नावावर. म्हणून नुसतं मिश्रण चालत नाही, पक्का सहसंयुज बंधच लागतो. २०११ मध्ये अवजी आणि कॅस्पर यांनी या चित्रात एक भर घातली. पेशीत साखरेचेही लहान तुकडे होतात, पेप्टाइडला चिकटलेला असा तुकडा एमएचसीवर चढतो आणि काही टी-पेशी तो साखरेचा तुकडाच ओळखतात, असं त्यांनी ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस टाइप ३ च्या साखरेवर दाखवलं. हे मला पटतं, पण प्रत्येक साखरेला ते सारखंच लागू पडेल असं मला वाटत नाही. तरी एक परिणाम उघड आहे: साखर आणि पेप्टाइड यांच्यातला बंध पेशीच्या आतल्या आम्ल वातावरणात टिकला पाहिजे, आणि तो बंध कुठे पडलाय यालाही अर्थ आहे.

आता १९एफकडे येऊ.

या साखरेचा एक तुकडा म्हणजे एन-असिटाइल मॅनोसअमाइन, ग्लुकोज आणि ऱ्हॅमनोज; पुढचा तुकडा फॉस्फेटने जोडलेला. प्रिव्हनार म्हणजे २००० साली आलेली सात प्रकारांची लस. तिच्यात हे सगळे प्रकार सीआरएम-१९७ या कॅरिअर प्रोटीनला, म्हणजे साखर जिच्यावर बसवतात त्या प्रोटीनला, रिडक्टिव्ह अमिनेशन या पद्धतीने जोडले होते. त्यात पहिली पायरी सोडियम परआयोडेटची. परआयोडेट शेजारी-शेजारी असलेले दोन मोकळे हायड्रॉक्सिल शोधतं आणि त्यांच्यामधला कार्बन-कार्बन बंध तोडतं. १९एफमध्ये अशी जागा ग्लुकोजमध्ये आहे आणि ऱ्हॅमनोजमध्येही. साखरेचं कडं (रिंग) उघडतं आणि दोन अल्डिहाइड तयार होतात. ते प्रोटीनच्या लायसिन या अमिनो आम्लाच्या अमाइनशी जुळतात, सोडियम सायनोबोरोहायड्राइड तो बंध पक्का करतं आणि उरलेले अल्डिहाइड बोरोहायड्राइडने मिटवले जातात. बंध उत्तम, टिकाऊ, कारखान्यात सांभाळायला सोपा. अडचण एवढीच की उघडलेलं कडं परत मिटत नाही. माळ ओवायची म्हणून मधले काही मणीच फोडले, असा तो प्रकार आहे.

कडं उघडलं की साखळीचा ताठपणा त्या जागी जातो. बी-पेशी साखरेचं सूत्र वाचत नाही, तिला त्रिमितीय आकार दिसतो. त्यामुळे दोन गोष्टी होतात. जंतूवर असलेला मूळ आकार लशीत कमी भेटतो. आणि जंतूवर मुळात नसलेला एक नवा आकार भेटतो, त्याविरुद्धही अँटीबॉडी उठतात. या दुसऱ्या जातीच्या अँटीबॉडी एलायझात, म्हणजे साखरेला चिकटणाऱ्या अँटीबॉडीचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीत, मोजल्या जातात, पण जंतूला पकडून पांढऱ्या पेशींच्या हवाली करण्यात त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

सिनफ्लोरिक्स या दहा प्रकारांच्या लशीत १९एफ सायनिलेशनने म्हणजे सीडॅपने जोडला होता. सीडॅप कडं उघडत नाही. ते साखरेच्या हायड्रॉक्सिलवर सायनेट गट बसवतं आणि त्यावर अमाइन येऊन आयसोयुरिआ बंध होतो. कॅरिअरही फार वेगळा नव्हता: १९एफसाठी सिनफ्लोरिक्समध्ये डिप्थेरिया टॉक्सॉइड, म्हणजे घटसर्पाच्या विषाचं निर्विष केलेलं रूप, आहे, आणि सीआरएम-१९७ म्हणजे त्याच विषाचा एक अमिनो आम्ल बदललेला, बिनविषारी झालेला भाऊ. म्हणून प्रोटीनचा फरक पूर्ण नाही, पण बराचसा बाजूला पडतो. २०११ मध्ये यान पूलमन आणि सहकाऱ्यांनी याच मुद्द्यावर काम प्रसिद्ध केलं. रिडक्टिव्ह अमिनेशनच्या १९एफने उठवलेल्या अँटीबॉडीचा मोठा वाटा एलायझात दिसतो पण ऑप्सोनोफॅगोसायटोसिसमध्ये, म्हणजे अँटीबॉडीच्या मदतीने पांढऱ्या पेशी जंतू मारतात का हे पाहणाऱ्या ओपीए या चाचणीत, कामाला येत नाही. सायनिलेशनच्या अँटीबॉडी मात्र तेवढ्याच मात्रेत जास्त जंतू मारतात, असा त्यांचा निष्कर्ष. हे लोक सिनफ्लोरिक्स बनवणाऱ्या कंपनीचे, हे ध्यानात ठेवूनच तो पेपर वाचा. पण रसायनशास्त्राची बाजू मला भक्कम वाटते.

याचा व्यवहारातला धडा फार महत्त्वाचा आहे. न्यूमोकोकसच्या नव्या लशीला परवाना देताना ०.३५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ही आयजीजी अँटीबॉडीची पातळी आणि ओपीएचा टायटर ८, म्हणजे सीरम आठपट पातळ करूनही जंतू मरणं, असे दोन मापदंड वापरले जातात. पहिला सगळ्या सिरोटाइपचा मिळून काढलेला आकडा आहे. १९एफसारख्या साखरेत एका लशीचे ०.३५ आणि दुसरीचे ०.३५ हे एकाच तोलाचे नसतात. म्हणून एखाद्या प्रेझेंटेशनमध्ये फक्त एलायझाचे स्तंभ दाखवले, तर मी ओपीए मागतो.

इथे उत्साहाला आवरही घालायला हवा. १९ए ही १९एफची सख्खी शेजारीण: फरक एवढाच की ग्लुकोज ऱ्हॅमनोजला कुठल्या कार्बनवर जोडलाय. प्रिव्हनार-७ आल्यावर अमेरिकेत १९ए वाढली, कारण त्या लशीतल्या १९एफच्या अँटीबॉडी तिला थोपवत नव्हत्या. शेवटी २०१० च्या तेरा प्रकारांच्या लशीत १९ए वेगळी घालावी लागली. सिनफ्लोरिक्सचा १९एफ काही प्रमाणात १९ए विरुद्धही काम करणाऱ्या अँटीबॉडी देतो, आणि त्यावर बरीच आशा बांधली गेली. बेल्जियमने २०१५-१६ मध्ये तेरा प्रकारांची लस सोडून ती दहा प्रकारांची घेतली. १९ए परत वाढली आणि २०१९ मध्ये ते पुन्हा तेरा प्रकारांकडे वळले. चांगल्या केमिस्ट्रीने शेजारणीवरही थोडी नजर राहते, पण शेजारीण लशीत असण्याची सर त्याला नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या न्यूमोसिलमध्ये १९एफ आणि १९ए दोन्ही आहेत, दोन्ही सीआरएम-१९७ वर आणि सीडॅपने जोडलेल्या. आपल्या सरकारी कार्यक्रमात सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयांत न्यूमोकोकसची लस देतात. नऊ महिन्यांचा तो तिसरा डोस उपयोगी पडतो याचं कारण पहिल्या दोन डोसांनी स्मृती तयार केलेली असते. नुसत्या साखरेच्या बाबतीत असा बूस्टर जमलाच नसता.

मग सगळीकडे सीडॅपच का नाही? कारण त्याला अल्कली लागतं. अँड्र्यू लीझ यांनी १९९६ मध्ये सीडॅप पुढे आणलं तेव्हा मोठा फायदा हा होता की आधी वापरात असलेल्या सायनोजेन ब्रोमाइडला लागणारा १०.५ च्या आसपासचा पीएच टळला आणि ९ च्या आसपास काम भागू लागलं. त्या विषारी रसायनापासूनही सुटका झाली. पण ९ सुद्धा काही साखरांना सोसत नाही. या पीएचला सीडॅप स्वतःही पाण्यात झपाट्याने विघटित होऊन वाया जातं, म्हणून थंडीत, मोजून मिनिटांत उरकावं लागतं. एका सेकंदाला किती अल्कली पडतं आणि स्टरर किती जोरात फिरतो, यावर बॅच ठरते. छोट्या बीकरमधून मोठ्या रिअॅक्टरमध्ये जाताना घाम फुटतो तो इथे.

अल्कलीने नेमकं काय बिघडतं, ते मेनिंगोकोकस या मेंदूज्वराच्या जंतूच्या ए गटाच्या साखरेत सर्वात स्वच्छ दिसतं. ती मॅनोसअमाइन फॉस्फेटची साखळी आहे आणि तिच्या तिसऱ्या कार्बनवर बहुतेक जागी ओ-असिटाइल गट असतो. तो गट काढून टाकला की उंदरांत या साखरेची जंतुनाशक अँटीबॉडी उठवण्याची ताकद कोसळते. म्हणजे रोगप्रतिकारयंत्रणा प्रामुख्याने बघते ते त्या असिटाइलकडे, आणि असिटाइल नेमकं अल्कलीत निघून जातं. वर ही साखळी पाण्यातही हळूहळू तुटते, म्हणून या लशी बहुधा सुकवलेल्या भुकटीच्या रूपात येतात.

आफ्रिकेच्या मेनिंजायटिस पट्ट्यात १९९६-९७ मध्ये अडीच लाखांच्या आसपास लोक आजारी पडले आणि सुमारे पंचवीस हजार दगावले. त्यानंतर २००१ मध्ये पाथ ही आरोग्य क्षेत्रातली संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मेनिंजायटिस व्हॅक्सीन प्रोजेक्ट सुरू केला. मार्क लाफोर्स त्याचे प्रमुख. आफ्रिकी सरकारांनी सांगितलेली अट साधी होती: डोस अर्ध्या डॉलरच्या आत. मोठ्या पाश्चात्य कंपन्यांशी त्या भावात जमलं नाही. शेवटी साखर नेदरलँड्समधून, टिटॅनस टॉक्सॉइड (धनुर्वाताच्या विषाचं निर्विष केलेलं रूप, इथला कॅरिअर) पुण्यात सीरमचं, आणि जोडण्याची पद्धत अमेरिकेच्या एफडीएच्या प्रयोगशाळेतून, कार्ल फ्रॅश आणि रॉबर्ट ली यांची. ही पद्धत बारकाईने समजून घेण्यासारखी आहे.

त्यांनी साखरेला परआयोडेट दिलं, पण प्रोटीनच्या बाजूने लायसिन वापरला नाही. टिटॅनस टॉक्सॉइडवर आधी हायड्रॅझिनने हायड्रॅझाइड गट बसवले. लायसिनचं अमाइन उदासीन पीएचला जवळजवळ सगळं प्रोटॉन घेऊन बसलेलं असतं, अल्डिहाइडकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला जागं करायचं तर अल्कली आणि दिवसच्या दिवस द्यावे लागतात. हायड्रॅझाइड मात्र उदासीन किंवा किंचित आम्ल पीएचलाही तत्पर असतो. म्हणजे क्रिया झटपट होते, असिटाइल शाबूत राहतं, फॉस्फेटचे बंध टिकतात आणि उताराही भरपूर मिळतो. उतारा जास्त म्हणजे वाया जाणारी साखर कमी, आणि या लशीत साखर हाच महागडा भाग. डोसची किंमत खाली येण्यात बाकी कारणांबरोबर या हायड्रॅझाइडचाही हात आहे. आणखी एक गंमत: परआयोडेटला तिसरा आणि चौथा कार्बन दोन्ही मोकळे लागतात, पण तिसऱ्यावर असिटाइल असेल तर ते कडं उघडतच नाही. थोडक्यात, महत्त्वाचा गट ज्या तुकड्यांवर आहे ते तुकडे आपोआप वाचतात आणि किंमत भरतात ती बिनअसिटाइलची थोडी कडी. १९एफमध्ये घात करणारं परआयोडेट इथे जवळजवळ निरुपद्रवी ठरतं.

मेनआफ्रिव्हॅक ही यातून तयार झालेली लस ६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोत १ ते २९ वर्षांच्या लोकांना द्यायला सुरुवात झाली. पुढच्या वर्षांत त्या पट्ट्यातला ग्रुप ए जवळपास नाहीसा झाला. याचं एक कारण असं की काँज्युगेटने घशातलं जंतूंचं वास्तव्यही घटवलं, जे नुसत्या साखरेच्या लशींना नीटसं जमलं नव्हतं. २०१२ मध्ये ही लस चार दिवसांपर्यंत ४० अंश सेल्सिअसला शीतपेटीबाहेर वापरायची परवानगी मिळाली.

आता यावरून "ओ-असिटाइल नेहमी जपा" असा नियम कराल तर मेनिंगोकोकस सी तुम्हाला खोटं पाडेल. ब्रिटनने १९९९ च्या शेवटी ग्रुप सीची लस आणली तेव्हा वापरलेल्या तीन लशींपैकी दोघींत असिटाइल राखलेली साखर सीआरएम-१९७ वर होती. तिसरीत असिटाइल मुद्दाम काढून साखर टिटॅनस टॉक्सॉइडवर बसवली होती. ती तिसरी कुठेही कमी पडली नाही. ग्रुप सीचे काही जंतू निसर्गातच बिनअसिटाइलचे असतात आणि संरक्षण देणारा आकार त्या गटावर अवलंबून नाही. एकच गट एका साखरेत प्राण आणि दुसरीत अडगळ.

टायफॉइडची व्हीआय साखर तिसऱ्या टोकाला. तिच्या दुसऱ्या कार्बनवर एन-असिटाइल, तिसऱ्यावर ओ-असिटाइल, चौथा साखळीत अडकलेला: शेजारी-शेजारी मोकळे दोन हायड्रॉक्सिल मिळतच नाहीत, परआयोडेटला काही कामच नाही. मग उरतो कार्बोक्सिल. कार्बोडायइमाइड म्हणजे ईडीसी वापरून तो सक्रिय करायचा. ही तडजोड स्वस्तात पडते, कारण साखळीच्या बाहेर डोकावणारे आणि अँटीबॉडी ओळखते ते गट असिटाइलचे, कार्बोक्सिल त्या मानाने आत. एनआयएचमध्ये शू, रॉबिन्स आणि श्नीरसन यांनी १९८७ मध्ये एसपीडीपी या सल्फर असलेल्या लिंकरने, म्हणजे साखर आणि प्रोटीन यांच्यामधल्या दुव्याने, व्हीआयचे काँज्युगेट केले. १९९७ मध्ये त्याच गटाने अॅडिपिक अॅसिड डायहायड्रॅझाइड वापरून पाहिलं आणि तो काँज्युगेट जास्त प्रतिसाद देणारा निघाला. साखर तीच, मधला दुवा फक्त बदलला. व्हिएतनाममध्ये २ ते ५ वर्षांच्या मुलांत त्या नव्या काँज्युगेटची चाचणी झाली, तिथे ९१.५ टक्के संरक्षण मिळालं. आज आपल्याकडे दिली जाणारी, हैदराबादच्या भारत बायोटेकची व्हीआय-टिटॅनस टॉक्सॉइड लस नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना मोहीम काढून दिली. सरकारी यंत्रणेतून टायफॉइड काँज्युगेट देण्याचा तो जगातला पहिला प्रयोग.

लिंकरबद्दल एक सावधगिरी. लिंकर जितका लांब तितका साखर-प्रोटीनमधला अडथळा कमी आणि क्रिया सोपी, हे खरं. पण काही कडक, वलयी लिंकर स्वतःच प्रतिजन होऊन बसतात आणि अँटीबॉडीचा एक वाटा त्यांच्याकडे वळतो. अॅडिपिक साखळी साधी, लवचिक, रोगप्रतिकारयंत्रणेला रस नसलेली, म्हणूनच ती एवढी टिकली.

साखळीची लांबी आणि जाळ्याचा आकार यावर पुष्कळ लिहिलं जातं, मी थोडक्यात सांगतो. लांब साखर आणि जागोजागी सक्रिय गट असतील तर साखर-प्रोटीनचं जाळं तयार होतं. साखर लहान कापून फक्त टोकाला जोडली तर प्रोटीनभोवती काटे उभे राहावेत तशी रचना होते. दोन्हींतून चांगल्या लशी निघाल्या आहेत. जाळ्यात धोका असा की ॲक्टिव्हेशन जरा जास्त झालं की जेल होतं आणि ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर बंद पडतो. सीआरएम-१९७ वर लायसिनचे एकोणचाळीस आणि साखळीच्या टोकाचं एक असे एकूण चाळीस अमाइन आहेत. त्यातले बरेच साखरेने झाकले तर टी-पेशीला दाखवायचे पेप्टाइडही बिघडतात. न जोडली गेलेली मोकळी साखर ही त्याहून मोठी डोकेदुखी. ती बी-पेशीला पकडते, पण सोबत प्रोटीन नसल्याने मदत मिळत नाही आणि ती पेशी फुकट जाते. म्हणून हिबच्या टिटॅनस काँज्युगेटला मोकळ्या साखरेची २० टक्क्यांची मर्यादा आहे. रिलीजच्या दिवशी ती मर्यादा पाळणं सोपं. दोन वर्षांनी, विशेषतः हिबची साखर लशीत प्रतिसाद वाढवायला घातलेल्या अॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइडच्या संगतीत असेल तेव्हा, पाळणं कठीण.

कॅरिअरलाही त्याचं श्रेय द्यायला हवं, नाहीतर मी सगळं केमिस्ट्रीच्या खात्यावर मांडतोय असं वाटेल. हिबचा डिप्थेरिया टॉक्सॉइडवरचा काँज्युगेट, पीआरपी-डी, फिनलंडच्या बाळांत ९४ टक्के आणि अलास्काच्या आदिवासी बाळांत ३५ टक्के संरक्षण देऊन गेला. अलास्कात आजार फार लहान वयात येतो आणि त्या लशीचा पहिला डोस बाळांत जवळजवळ काहीच उठवत नव्हता. मेनिंगोकोकसच्या बाह्य आवरणातल्या प्रोटीनवर बसवलेला काँज्युगेट मात्र पहिल्याच डोसाला काम करतो, कारण ते आवरण स्वतः रोगप्रतिकारयंत्रणेला जागं करणाऱ्या टीएलआर-२ या रिसेप्टरला डिवचतं. १९९६ मध्ये अलास्काने ती लस सोडून दुसरी घेतली, हिब परतला, आणि तिथे निदान पहिल्या डोसासाठी तरी ती परत आणावी लागली. ही उणीव कितीही चांगल्या बंधाने भरून निघाली नसती.

तसंच सिरोटाइप ३. तेरा प्रकारांच्या लशीत तो आहे, अँटीबॉडी उठतात, तरी संरक्षण निराशाजनक. त्या जंतूची कॅप्सूल पेशीभित्तीला पक्की बांधलेली नसते; तो ती सोडून देतो आणि अँटीबॉडी त्या सोडलेल्या साखरेतच अडकून पडतात. दोष जंतूच्या चलाखीचा आहे. तिथे लिंकर बदलत बसू नये.

सध्या प्रकार वाढवण्याची चढाओढ आहे आणि तिथे कॅरिअरचं ओझं पुढे येतं. वीस प्रकारांच्या लशीत सामायिक सिरोटाइपचे आकडे तेरा प्रकारांच्या लशीपेक्षा थोडे खाली उतरतात. एकाच प्रोटीनचा फार भडिमार झाला की त्याविरुद्धचा प्रतिसाद साखरेला दाबतो. सीरमच्या मेनफाइव्ह या मेनिंगोकोकसच्या पाच गटांविरुद्धच्या लशीत ए आणि एक्स टिटॅनस टॉक्सॉइडवर, तर सी, वाय, डब्ल्यू सीआरएम-१९७ वर वाटून दिलेत, ही याच विचाराची मांडणी. दुसरी वाट म्हणजे प्रोटीनमध्ये ठरावीक जागी कृत्रिम अमिनो आम्ल घालून क्लिक केमिस्ट्रीने, म्हणजे ठरावीक दोन गटांनाच जोडणाऱ्या क्रियेने, फक्त तिथेच साखर बसवायची, म्हणजे टी-पेशीचे पेप्टाइड मोकळे राहतात. व्हॅक्ससाइट ही अमेरिकन कंपनी ते करते आहे. कल्पना सुंदर आहे. पण लक्षात घ्या, त्यात प्रोटीनची बाजू शिस्तीत आली. साखरेवर हँडल बसवायला काहीतरी खर्ची घालावंच लागतं, आणि १९एफचा प्रश्न त्या बाजूचा होता.

आता तुमची के१. या साखरेत ग्लुकुरोनिक आम्ल आहे, पायरुव्हेट आहे आणि ओ-असिटाइल आहे. पायरुव्हेट आम्लात निघतं, असिटाइल अल्कलीत. म्हणजे खिडकी दोन्ही बाजूंनी अरुंद. साखळी लहान करायला आम्ल वापरायचा मोह होईल, तो टाळा. हाय प्रेशर होमोजिनायझरने किंवा सोनिकेशनने कापा. सीडॅप वापरायचंच असेल तर पीएच ९ च्या वर जाऊ देऊ नका, बर्फावर ठेवा, आणि कॅरिअर घालताच पीएच शक्य तितका खाली आणा. मी असतो तर आधी कार्बोक्सिलची वाट चाचपली असती: ईडीसी, ५.५ ते ६ च्या आसपास पीएच, हायड्रॅझाइड लिंकर, आणि ॲक्टिव्हेशन दहातल्या एखाद्या तुकड्यापुरतंच. मात्र के१ मध्ये पायरुव्हेटचंही कार्बोक्सिल आहे आणि अँटीबॉडीला तोच गट हवा असू शकतो, तेव्हा किती आणि कुठलं कार्बोक्सिल गेलं हे बघावं लागेल. परआयोडेट शेवटी ठेवा.

जोडण्याआधी आणि ॲक्टिव्हेशननंतर, दोन्ही वेळा प्रोटॉन एनएमआर (रेणूतले गट मोजणारी चाचणी) करा आणि असिटाइल-पायरुव्हेटचं गुणोत्तर मांडा. ॲक्टिव्हेट केलेली पण न जोडलेली साखर बाजूला ठेवून ती के१ च्या अँटीसीरमशी स्पर्धेत मूळ साखरेइतकीच बांधते का, हे पाहा. उंदीर लावण्याआधीची ही सर्वात स्वस्त चाचणी आहे आणि विद्यार्थी ती हमखास गाळतात. उंदीर लावाल तेव्हा एलायझासोबत ओपीए त्याच सीरममध्ये करा, आणि एलायझाच्या प्लेटवर ॲक्टिव्हेट न केलेली मूळ साखर लावा. ॲक्टिव्हेट केलेली लावलीत तर नव्या आकाराविरुद्धच्या अँटीबॉडीही मोजल्या जातील आणि तुमचा सगळ्यात खराब काँज्युगेट तक्त्यात सगळ्यात वर दिसेल.